आष्टीला ताजी फुलं मागवायची तर

आमच्या आष्टीला आता काय मिळत नाही? मोबाईलवर बोट फिरवलं की चौथ्या-पाचव्या दिवशी कुकर दारात येतो, शाळेचे बूट येतात, अम्मीच्या गुडघ्याचा पट्टा येतो. कुरिअरवाल्या पोराला गल्लीतली सगळी घरं पाठ आहेत. पण ताजी फुलं मागवून पाहा. चौथ्या दिवशी येणाऱ्या फुलांचं करायचं काय?

गावात फुलं नाहीत असं मात्र नाही. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेचा हा डोंगराळ कोपरा, सातपुड्याच्या पायथ्याचा, संत्र्याचा. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटला की संध्याकाळी सगळं शिवार घमघमतं. बाहेरून आलेला पाहुणा विचारतो, अत्तर कुणी लावलंय? त्या फुलांचा हार मात्र होत नाही. ती झाडावरच राहायची असतात, त्यांचीच पुढे संत्री व्हायची असतात. झेंडू दसरा-दिवाळीला ढिगानं येतो आणि सण उलटला की उकिरड्यावर जातो. राहिला अंगणातला एखादा मोगरा, एखादी सदाफुली. एका गजऱ्यापुरतं ते ठीक आहे. पण निकाहचा सेहरा, नवरीचे फुलांचे दागिने, बारातीचे हार, एवढं सगळं एका दिवसात हवं असलं की आष्टीकर आर्वीकडे नाहीतर नागपूरकडे तोंड करतो. नागपूर शंभर किलोमीटरच्या पुढे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, आणि लग्नं नेमकी तेव्हाच निघतात.

हे आम्ही लिहितोय म्हणजे आम्ही तीन भावंडं. एक शारजाहला, एक पुण्यात, मधली नागपुरात. धाकटी आष्टीतच, अम्मीजवळ. गेल्या वर्षी तिच्या निकाहच्या निमित्तानं फुलांचं हे सगळं प्रकरण आम्हाला पहिल्यांदा नीट कळलं, कारण तोपर्यंत ते आमच्या अब्बांकडे होतं.

अब्बा फुलवाले नव्हते. त्यांचं शिलाईचं दुकान. पण मोहल्ल्यात कुणाचंही लग्न निघालं की लोक कपड्याचं माप देता देता म्हणायचे, "मास्टर, फुलांचंही बघा." अब्बा बघायचे. आदल्या दुपारी तळेगावला जायचे, नागपूरची बस पकडायचे, रात्र कुणा ओळखीच्याकडे काढायचे आणि अंधार असतानाच सीताबर्डीच्या फूलबाजारात उभे राहायचे. गुलाब घ्यायचे ते गावठी, लहान पण वासाचे. लांब देठाचा डच गुलाब दिसायला झोकदार, पण त्याला वास जवळजवळ नाही आणि सेहऱ्यात तो जड होतो, असं त्यांचं म्हणणं. मोगरा मात्र ते नागपूरचा घेत नसत. तो आर्वीचा.

परत आले की दुकानाच्या ओटीवर चादर अंथरून ओवायला बसायचे. शिंप्याचाच हात तो. लड्या सगळ्या एका मापाच्या, खाली एकेक गुलाब, वरची पट्टी कपाळाला टोचू नये म्हणून आतून मलमलचं अस्तर. अस्तर लावलेला सेहरा आम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नाही. पैसे फक्त फुलांचे आणि बसचे घ्यायचे. आम्ही मुलं सुया ओवून द्यायचो आणि गळालेल्या कळ्या वेचायचो. त्यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं.

सेहऱ्याला आपल्याकडे किती मान, हे वाचकांना सांगायला नको. बहादुरशाह जफरच्या मुलाचं, मिर्झा जवाँबख्तचं, १८५२ साली दिल्लीत लग्न झालं तेव्हा गालिब आणि जौक दोघांनीही सेहऱ्यावर कविता केल्या आणि त्यावरून दोघांत ठिणगीही उडाली. आमच्या आष्टीत एवढी शायरी नाही, पण सेहरा कुणाचा चांगला झाला यावर चार दिवस बोलणं चालतं.

डिसेंबरात अब्बा गेले. दुखणं फार लांबलं नाही. धाकटीचं ठरलेलं होतंच, मुलगा वरूडकडचा. अम्मीची इद्दत एप्रिलअखेर संपली आणि मे महिन्याची तारीख धरली. घरात कुणालाच उत्साह नव्हता, तरी अब्बांचीच इच्छा होती की वर्ष थांबू नये. आमच्या बिरादरीत सेहरा मुलीच्या घरून जातो (दुसरीकडे उलटही असेल), म्हणजे फुलं आमच्याच गळ्यात. तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा आमच्यापैकी पुण्यातल्यानं फोनवर विचारलं, "फुलं कोण आणणार?" पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही.

शारजाहच्या भाईजाननी तो प्रश्न लगेच अंगावर घेतला. ऐन मे महिन्यात त्यांना सुट्टी मिळत नव्हती, बहिणीच्या निकाहला येता येत नव्हतं, त्याचं त्यांना लागून राहिलं होतं. ते राहतात तिथे संध्याकाळी दुकानात मदुराईचा मोगरा मिळतो. तिथल्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पहाटे तमिळनाडूत खुडलेली कळी विमानानं आखातात जाते आणि तिथल्या बायका ती केसांत माळतात. शेजारच्या बादलीत केनियाहून आलेले गुलाब. मग आष्टी काय अवघड आहे? त्यांनी ऑनलाइन ऑर्डर दिली. अगदी पूर्ण पत्ता, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. दोनशे ताजे गुलाब, मोगऱ्याच्या लड्या, निकाहच्या दिवशी सकाळी दहाला घरपोच. पैसे आधीच कापून घेतले.

दुसऱ्या दिवशी धाकटीला फोन आला. गृहस्थ अदबशीर होते. म्हणाले, "ताई, ऑर्डर मिळाली, फक्त घर बसस्टँडपासून कुठल्या अंगाला?" दोन मिनिटं बोलणं झाल्यावर उलगडा झाला की ते बीडच्या आष्टीवरून बोलतायत. त्या बिचाऱ्यांचा दोष नव्हता. ऑर्डर त्यांच्याकडे तशीच आली होती.

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ. बीड जिल्ह्यातली तालुक्याची आष्टी, गडचिरोलीत वैनगंगेकाठची आष्टी, जालन्याकडे परतूर तालुक्यातली आष्टी. पिनकोडचे पहिले तीन आकडे पाहून ठरवावं म्हटलं तर गडचिरोलीचा पिनही आमच्यासारखाच ४४२ पासून सुरू होतो. जुनी माणसं आमच्या गावाला आष्टी शहीद म्हणतात, १६ ऑगस्ट १९४२ ला पोलिस ठाण्यावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसं शहीद झाली, त्यांच्या आठवणीनं. पत्त्यात 'शहीद' लिहिलं की घोळ कमी होतो, एवढा अनुभव आता गाठीशी आहे.

त्या कंपनीचं नाव आम्ही देत नाही. पैसे अकरा दिवसांनी परत आले. पण ही व्यवस्था चालते कशी, ते त्या निमित्तानं समजून घेतलं. फूल कुठूनही कुठे जात नाही. निरोप जातो. तुम्ही शारजाहून पैसे भरता, कंपनी पत्त्याजवळच्या एखाद्या फुलवाल्याला कळवते आणि तो आपल्या दुकानातली फुलं देतो. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० साली एकत्र येऊन तारेनं अशा ऑर्डरी एकमेकांना द्यायला सुरुवात केली. तार गेली, मोबाईल आला, पण पलीकडच्या टोकाला फुलवाला लागतोच. आमच्या आष्टीत कंपनीच्या यादीतला कुणी नव्हता, म्हणून यंत्रानं नावाची दुसरी आष्टी शोधून काढली.

आता आमच्या टोकाचा फुलवाला कोण? अब्बांचा मोबाईल अम्मीनं चार्ज करून ठेवलेला असतो. का, ते आम्ही विचारत नाही. धाकटीनं त्यात शोधलं. अब्बांनी नावं उर्दूत आणि कामापुरती लिहिलेली: बटनवाला, मशीनवाला, गॅस. एक होतं, 'मोगरा आर्वी'.

फोन लावला. समोरून बाईचा आवाज, "काहून जी मास्टर, लय दिवसांनी? कोनाचं लगन काढलं?" नंबर अब्बांचाच होता ना.

धाकटीला बोलता येईना. शेजारी बसलेल्या मधलीनं फोन घेतला आणि सांगितलं. मावशींना खबर नव्हती. आर्वी काही लांब नाही, पण कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मावशी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लहानीचंच लगन हाय नं? मास्टर मले दिवाळीतच सांगून गेलते. म्हने, तिच्या लग्नात गुलछडी नोको टाकू, तिचं डोकं दुखते वासानं."

खरंच दुखतं. निशिगंधाच्या वासानं धाकटीला लहानपणापासून अर्धशिशी चढते. आम्हा तिघांपैकी कुणाच्याही ते ध्यानात राहिलं नसतं.

त्यानंतर घरात फुलांवरून थोडं वाजलं, तेही सांगितलं पाहिजे. अम्मीचं म्हणणं, या वर्षी फुलं नकोतच. "घर से जनाजा निकले छे महीने नहीं हुए, लोग क्या बोलेंगे?" पुण्याच्या भावाचं उलट. त्यानं एका डेकोरेशनवाल्याकडून भाव काढून ठेवला होता: स्टेज, कमान, मागचा पडदा, जरबेरा आणि कार्नेशन, निम्मी फुलं कापडी, अठरा हजार. अब्बांच्या लेकीचं लग्न फिकं दिसायला नको, असं त्याला वाटत होतं, आणि त्यात चूक काही नाही. भाईजान शारजाहून म्हणत होते, पैशाचं मी पाहतो. धाकटी सगळ्यांना चहा देत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर ती म्हणाली, "सेहरा पाहिजे. अस्तराचा. बाकी काही नको."

अम्मी उठून वुजू करून आली, नमाज पढली आणि मग आम्हाला म्हणाली, "फूल तो अल्लाह की चीज है. दिखावा नहीं होना, बस." अठरा हजारांची कमान गेली. सेहरा, नवरीचे दागिने, बायकांना गजरे आणि नवऱ्याकडच्या बुजुर्गांना एकेक हार, एवढं ठरलं. शादीत इसराफ नको हे आपण सगळेच म्हणतो, पण रेघ कुठे मारायची ते घरोघरी वेगळं. आमच्याकडे ती अम्मीनं मारली आणि आम्हाला पटली. सुगंध कुणी देऊ केला तर नाकारू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. फिकं लग्न आणि उधळपट्टी यांच्यामध्ये एका गजऱ्याइतकी जागा आपल्या दीनात नक्कीच आहे, असं आम्हाला वाटतं.

आता कामाचं. ज्या भगिनी अशाच आडगावी राहतात त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितो.

मोगऱ्याची कळी उजाडायच्या आत खुडायची, आणि ती पांढरी भरलेली पण मिटलेली हवी. ती संध्याकाळी आपोआप उमलते. उमललेला मोगरा घेतला तर उन्हाच्या प्रवासात तो पिवळा पडतो आणि हाती चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी लागतं. आमचा निकाह जोहरनंतर, म्हणजे त्याच दिवशी पहाटे खुडलेली कळी हवी आणि ती दुपारपर्यंत थंड राहायला हवी. थंड ठेवायला लोक बर्फावर फुलं टाकतात, ते करू नये. बर्फ जिथे टेकतो तिथे पाकळी काळी पडते. मावशींची रीत अशी: खाली बर्फाच्या पिशव्या, त्यावर वर्तमानपत्राच्या घड्या, त्यावर केळीचं पान, मग ओल्या मलमलमध्ये सैल गुंडाळलेल्या कळ्या. मलमल पिळून घ्यायचं, नितळतं ठेवायचं नाही, नाहीतर फूल कुजतं. आणि हे सगळं थर्माकोलच्या डब्यात. डबा मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो. थंड ठेवायची औषधं त्यातच येतात आणि रिकामे डबे ते असेच टाकून देतात. फक्त मासळीवाल्याचा डबा घेऊ नये. का, ते सांगायला नको.

गुलाब मधलीनं नागपुरातून आणले. पहाटे सीताबर्डीला जाऊन तिनं अब्बांसारखेच गावठी गुलाब शोधले. मे महिन्यात गुलाब बारीक येतो आणि महाग पडतो. तीन दुकानं फिरून तिला पाच किलो मिळाले, त्यातले निम्मे पाकळ्यांसाठीच ठीक. डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून एसी लावून तिनं आणला. मुलं पुढे घामाघूम, मागे गुलाब गारव्यात. तिच्या नवऱ्यानं वाटेत दोनदा विचारलं म्हणे की लग्न गुलाबाचं आहे का.

मोगरा आणायला आमचा भाचा मोटारसायकलवर आर्वीला जाणार होता. तो निघायच्या आतच, साडेआठला, दारात रिक्षा थांबली आणि मावशी स्वतः उतरल्या. डोक्यावर पदर, काखेत डबा, हातात सुयांची डबी. आम्ही त्यांना तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "पोराच्या हातात दिलं असतं तं हापटत आनलं असतं त्यानं. म्हनून मीच आली जी."

त्या दुकानाच्या ओटीवर बसल्या. दुकान डिसेंबरपासून बंद होतं. अम्मीनं त्या दिवशी कुलूप काढलं, झाडून घेतलं, चादर अंथरली. मावशी, मधली आणि शेजारच्या दोन खाला असं ओवणं सुरू झालं. मावशींच्या बोटांना बघण्यात वेळ जात होता. एका सुईवर त्या एकदम आठ-दहा कळ्या घ्यायच्या, एक देठ इकडे, एक तिकडे, आणि झर्रकन दोऱ्यावर सरकवायच्या. मोजमाप हातानं: कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक लडी. अस्तराचं काय, हा प्रश्न अकराच्या सुमारास आला. मावशींना अस्तर ठाऊक नव्हतं. ते अब्बा घरी आल्यावर लावायचे. अम्मी आत गेली, अब्बांच्या कपाटातून पांढऱ्या मलमलचा एक तुकडा घेऊन आली आणि मशीनवर बसली. अम्मीला शिलाई येते हे आम्हाला माहीत होतं, पण अब्बांच्या मशीनवर तिला बसलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तिनं पट्टी सरळ मारली. एकही टाका उसवावा लागला नाही.

बारात वेळेवर आली. भाईजान व्हिडिओ कॉलवर होते. फोन एका पोराच्या हातात होता आणि तो त्यांना निम्मा वेळ मंडपाचं छतच दाखवत होता. खुत्ब्याच्या वेळी कळ्या अजून मिटलेल्या होत्या. इजाब-कबूल झालं, खजुरा वाटल्या, जेवणं उरकत आली, तेव्हा कुठे वास सुटायला लागला. रुखसतीला तर सगळा मंडप दरवळत होता. नवरदेवानं सेहरा वर केला आणि कपाळावरून हात फिरवला. कुठे टोचलं नव्हतं.

पैसे देताना उलटा सौदा झाला. मावशी सेहऱ्याचे पैसे घेईनात. "मास्टरच्या लेकीचा हाय तो." अम्मी दिल्याशिवाय सोडेना. शेवटी गजऱ्यांचे आणि हारांचे पूर्ण, आणि सेहऱ्याच्या बदल्यात दोन ब्लाउज शिवून द्यायचे, असं ठरलं. माप अम्मीनं तिथेच घेतलं. सगळी फुलं, बर्फ, रिक्षा, पेट्रोल धरून हिशेब सहा हजारांच्या आत आला.

थोडा मोगरा उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मीनं तो एका रुमालात बांधला आणि भावाला म्हणाली, कबरस्तानात जाताय ना, घेऊन जा. कबरीवर फुलं ठेवावीत की नाही याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, आम्हाला ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) दोन कबरींवर ओली फांदी लावल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. कुणी तिचा आधार घेतात, कुणी म्हणतात ती गोष्ट त्यांच्यापुरतीच होती. आमच्या गावात तर जहाँगीर बादशाहानं ज्याला ही जहागीर दिली त्या मुहम्मद खान नियाजीचा मकबरा उभा आहे आणि शेजारी १६५१ साली वारलेल्या अहमद खानाचा. त्यांच्यापुढे अब्बांची कबर म्हणजे मातीचा एक उंचवटा. भावानं अम्मीशी वाद घातला नाही. फातिहा पढला, दुआ केली, रुमाल तिथे उघडला आणि परत आला.

नंतर दोन महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतून एक बाई अम्मीकडे आल्या. मुलीचं ठरलंय म्हणाल्या, फुलांचं कसं करायचं? अम्मीनं मावशींचा नंबर दिला. मग आणखी एक घर आलं. आता अस्तर अम्मी शिवते, त्याचे शंभर रुपये घेते आणि मशीनला महिन्यातून एकदा तेल देते. दुकानाचं एक दार उघडं असतं.

मावशींच्या अटी फार नाहीत. आदल्या रात्री आठच्या आत फोन करायचा. लड्या किती हात, तेवढं सांगायचं. मे महिन्यात दुपारचा निकाह असेल तर बर्फ आपला. आणि थर्माकोलचा डबा परत पाठवायचा. तो कुणी पाठवत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. आमच्याकडचाही अजून छज्जावर आहे. धाकटी पुढच्या जुम्म्याला माहेरी येतेय, ती जाताना आर्वीला देऊन जाईल.